मणक्यांच्या जोडशस्त्रक्रियेतील चेतानिरीक्षण

मणक्यांत स्क्रू बसवून ते एकमेकांना जोडताना मज्जारज्जू शाबूत आहे ना, हे विद्युत्‌संकेतांनी तपासत राहण्याची पद्धत. 

१९७३ मध्ये फ्रान्सच्या स्टान्यारा व सहकाऱ्यांनी मज्जारज्जू तपासण्याचा साधा उपाय मांडला: रुग्णाला शस्त्रक्रियेच्या मधेच अर्धवट जागे करून ‘पाय हलवा’ म्हणायचे. उपाय भाबडा, पण खरा. फक्त कळते ते त्या क्षणापुरतेच.

आता घोट्याजवळच्या चेतेला हलका झटका देऊन त्याची लहर डोक्यावर टिपतात. उलट, डोक्यावर झटका देऊन पायाचे स्नायू उत्तर देतात का, तेही पाहतात. पहिल्या लहरीची उंची निम्म्याने घटली, की इशारा. मग भूलतज्ज्ञ रक्तदाब वाढवतो, सर्जन स्क्रू तपासतो. स्नायू सैल करणारे औषध जास्त झाले, तर दुसरी चाचणी मुकीच होते.