रोमँटिसिझमचा जन्म कोणाच्या घरात झाला?

निसर्गप्रेम, कल्पनेची भरारी, भूतकाळाची ओढ आणि व्यक्तिस्वातंत्र्य. आपल्या विद्यापीठांतून युरोपातील रोमँटिसिझमची ओळख करून दिली जाते ती या चार शब्दांत. जणू अठराव्या शतकाच्या अखेरीस काही सुखवस्तू तरुणांना एका सकाळी डोंगरदऱ्या सुंदर दिसू लागल्या आणि ते कविता लिहायला बसले! मी महाविद्यालयात हा विषय शिकवतो. माझ्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. त्यामुळे कोणताही वाङ्मयीन संप्रदाय समोर आला की माझ्या मनात आधी साधे प्रश्न उभे राहतात. हा लिहिणारा कोणाचा मुलगा? त्याच्या बापाचा धंदा कोणता? हा जेवायला कोणाच्या पंगतीला बसत होता? हे प्रश्न विचारले की पाठ्यपुस्तकातला रोमँटिसिझम वेगळा दिसू लागतो. माझे म्हणणे असे, की या चळवळीचे मूळ अपमानात आहे. आणि ती पुढे का घसरली याचे उत्तरही त्या अपमानाचे तिने काय केले यात आहे.

फ्रान्सच्या दरबारी वाङ्मयाने कडक पंक्तिभेद पाळला होता. शोकांतिका राजाराण्यांची आणि सरदारांची. नोकर, शेतकरी, कारागीर यांनी रंगमंचावर यायचे ते प्रहसनात, प्रेक्षकांना हसवण्यासाठी. म्हणजे दुःख हीसुद्धा कुलीनांची मिरासदारी होती. कनिष्ठ माणसाला पोट होते, पाठ होती. मन असण्याची परवानगी नव्हती.

ही मिरासदारी ज्याने मोडली तो जाँ जाक रूसो १७१२ साली जिनिव्हात एका घड्याळजीच्या घरी जन्मला. आई त्याच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत वारली. त्याला एका कोरीवकाम करणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीला ठेवले. तिथे त्याने मार खाल्ला. सोळाव्या वर्षी, १७२८ साली, तो गाव सोडून पळाला आणि तुरीन शहरात उमरावांच्या घरी हुजऱ्या झाला. एका मेजवानीत त्या घराण्याच्या ब्रीदवाक्यातल्या एका जुन्या फ्रेंच शब्दावरून पाहुण्यांत चर्चा निघाली. शब्द चुकीचा लिहिला आहे, असे एकाने सांगितले. मागे वाढायला उभा असलेला पोरगा गालात हसला. वृद्ध यजमानाने त्याला बोलायची आज्ञा केली, आणि हुजऱ्याने शब्दाचा बरोबर अर्थ उलगडून सांगितला. सगळे पंगतभर त्याच्याकडे पाहत राहिले. रूसोने हा प्रसंग म्हातारपणापर्यंत जपला. पुढे १७५५ साली त्याने माणसामाणसांतील विषमतेच्या उगमावर निबंध लिहिला, १७६२ साली ‘सामाजिक करार’ प्रसिद्ध केला. त्या ग्रंथांतला संताप पुस्तकांतून आलेला नाही, तो त्या ताटामागे उभे राहण्यातून आलेला आहे. त्याच्या मृत्यूनंतर, १७८२ साली, त्याचे आत्मचरित्र ‘कन्फेशन्स’ छापले जाऊ लागले, तेव्हा युरोपाने प्रथमच एका चाकराचे मन इतक्या तपशिलाने वाचले. रोमँटिक वाङ्मयातला जो ‘मी’, तो असा जेवणघरातून वर आला.

पण त्याच आत्मचरित्रात आणखी एक नोकर आहे. मालकीण वारल्यानंतर रूसोने घरातली एक जुनी रेशमी फीत चोरली, आणि सापडल्यावर आळ मारिओन नावाच्या स्वयंपाकिणीवर घातला. दोघांनाही काढून टाकले. रूसोचा पश्चात्ताप जगाने वाचला. मारिओनचे पुढे काय झाले हे रूसोलाही कळले नाही. ज्याच्या हाती लेखणी आली त्याचे मन उजेडात आले. त्याच्याही खाली जी उभी होती ती अंधारातच राहिली. स्त्रीचे शिक्षण पुरुषाच्या सोयीसाठी असावे, असे हाच रूसो ‘एमिल’मध्ये सांगतो, त्याला मेरी वुलस्टनक्राफ्टने १७९२ साली सडेतोड उत्तर दिले. रोमँटिसिझमचे बळ आणि त्याची मर्यादा, दोन्ही उगमापाशीच अशी एकत्र दिसतात.

जर्मनीत हा अपमान दुहेरी होता, कुळाचा आणि भाषेचा. प्रशियाचा राजा फ्रेडरिक दुसरा याने १७८० साली जर्मन साहित्य कमअस्सल ठरवणारी पुस्तिका लिहिली, ती फ्रेंच भाषेत! शिकलेल्या गरीब तरुणांना उमरावांच्या घरी मुलांचे शिक्षक म्हणून राहावे लागे. त्यांची पायरी नोकरांपेक्षा फार वर नसे. लेन्झचे ‘खासगी शिक्षक’ हे नाटक १७७४ सालचे. ज्या क्लिंगरच्या १७७६ मधील नाटकावरून या पिढीला ‘वादळ आणि आवेग’ हे नाव पडले, त्याची आई लोकांचे कपडे धुऊन घर चालवत होती. गटेची ‘वेर्थर’ (१७७४) ही कादंबरी आपण प्रेमभंगाची कथा म्हणून शिकवतो. तिच्यातला एक प्रसंग मात्र वगळला जातो. एका काउंटच्या घरी सरदार मंडळी जमतात, वेर्थर तिथे रेंगाळतो, कुजबूज सुरू होते आणि काउंट त्याला बाजूला घेऊन निघून जायला सांगतो. कारण एकच, तो कुलीन नाही. वेर्थर पिस्तुलाकडे जातो तो फक्त शार्लटसाठी नव्हे.

सत्तेला हे वाङ्मय निरुपद्रवी वाटत नव्हते. व्युर्टेम्बर्गच्या ड्यूकने शूबार्ट या कवी-पत्रकाराला १७७७ पासून १७८७ पर्यंत किल्ल्यात डांबले. शिलरचे ‘दरोडेखोर’ १७८२ साली रंगभूमीवर आले, तेव्हा याच ड्यूकने त्याला कैदेत टाकले आणि लिहिण्याची बंदी केली. शिलर त्याच वर्षी राज्य सोडून पळाला.

हर्डर हा या पिढीचा विचारवंत. बाप खेड्यासारख्या लहान गावात शाळामास्तर आणि चर्चमधला सेवक. १७६४ ते १७६९ या काळात हर्डर बाल्टिक किनाऱ्यावरच्या रिगा शहरात शिकवत होता. भोवताली जमीन जर्मन सरदारांची आणि राबणारे लाटव्हियन व एस्टोनियन भूदास. त्यांच्या भाषांना कोणी भाषा मानत नव्हते. हर्डरने १७७८-७९ साली लोकगीतांचे जे संग्रह काढले, त्यांत शेक्सपिअरच्या शेजारी या भूदासांची गाणी ठेवली. त्यांतले एक एस्टोनियन गीत तर उघडउघड मालकांच्या जुलमाबद्दलची फिर्याद आहे. काव्य ही काही थोड्या शिकलेल्यांची खासगी मालमत्ता नाही, हा विचार इथे ठामपणे उभा राहिला. पण ज्यांची गाणी छापली त्यांचे काय? एस्टोनियातली भूदासपद्धती रद्द झाली ती १८१६ साली, तीही जमीन सरदारांकडेच ठेवून. गाणे ग्रंथालयात पोचले, गाणारा अडतीस-चाळीस वर्षे वेठीलाच राहिला.

ब्रिटनमध्ये कष्टकरी स्वतःच लिहू लागले, आणि तिथे आश्रयदात्यांचा प्रश्न उघडा पडला. स्कॉटलंडचा कूळ-शेतकरी रॉबर्ट बर्न्स याचा पहिला संग्रह १७८६ साली किल्मार्नॉकला निघाला, प्रती ६१२. एडिंबरोच्या विद्वानांनी त्याला थेट स्वर्गाने शिकवलेला नांगऱ्या म्हणून गौरवले. म्हणजे त्याने वाचन केले होते, मेहनत घेतली होती, हे श्रेय सफाईने काढून घेतले. ब्रिस्टलची दूध विकणारी अॅन यर्सली हिच्या कविता हॅना मूर या प्रतिष्ठित लेखिकेने वर्गणीदार मिळवून १७८५ साली छापल्या, पण मिळालेल्या पैशाचा कारभार विश्वस्त म्हणून आपल्या हाती ठेवला. यर्सलीने माझा पैसा मला द्या म्हटले, तेव्हा ती कृतघ्न ठरली. तिने आपली बाजू छापून मांडली, १७८८ साली गुलामांच्या व्यापाराविरुद्ध दीर्घ कविता लिहिली, आणि पुढे स्वतःचे वाचनालय काढले. शेतमजुराचा मुलगा जॉन क्लेअर याचा संग्रह १८२० साली गाजला. त्याच्या गावची सामाईक जमीन १८०९ च्या कायद्याने कुंपणात गेली होती. ती जखम त्याच्या निसर्गकवितेत आहे. श्रीमंतांवर टीका करणाऱ्या ओळी गाळाव्यात, असा त्याच्या उमराव आश्रयदात्याचा आग्रह होता, आणि प्रकाशकाने त्याची बोली व विरामचिन्हे दुरुस्त केली. आयुष्याची शेवटची तेवीस वर्षे क्लेअरने वेड्यांच्या इस्पितळात काढली. सामान्य माणसाच्या भाषेत कविता लिहावी, हा जाहीरनामा मात्र वकिलाचा मुलगा वर्डस्वर्थ याच्या नावावर जमा आहे, सन १८००!

आता १७९१ या एका वर्षाकडे पाहू. या वर्षी तीन पुस्तके निघाली आणि तिन्हींचा धागा आपल्यापर्यंत येतो.

पहिले, ‘शाकुंतला’चे जर्मन भाषांतर. विल्यम जोन्सच्या १७८९ मधील इंग्रजीवरून ते गेओर्ग फोर्स्टरने केले, आणि जर्मन कवी तपोवनातल्या भारतावर लुब्ध झाले. फोर्स्टर स्वतः क्रांतिकारक होता. माइन्झच्या प्रजासत्ताकात त्याने भाग घेतला आणि १७९४ साली पॅरिसमध्ये दारिद्र्यात मेला. त्याचे राजकारण विसरले गेले, तपोवन उरले. फ्रीडरिश श्लेगेलने १८०८ साली भारतीयांची भाषा आणि ज्ञान यांवर ग्रंथ लिहिला, त्याच वर्षी कॅथलिक पंथ स्वीकारला, आणि १८०९ साली तो ऑस्ट्रियन सरकारच्या चाकरीत शिरला. गटेने शाकुंतल डोक्यावर घेतले, हे आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाते. त्याच गटेने १८२४ साली ‘पारिया’ नावाच्या तीन कविता प्रसिद्ध केल्या. त्यांतली एक दक्षिणेतल्या रेणुकेच्या कथेवर आहे, जिच्यात ब्राह्मण स्त्रीचे मस्तक अस्पृश्य स्त्रीच्या धडावर बसते. हे कोण सांगते?

दुसरे पुस्तक रूसोचा शिष्य बेर्नार्दँ द सँ-प्येर याची ‘हिंदी झोपडी’ ही कथा. एक इंग्रज विद्वान सत्याच्या शोधात जगन्नाथाच्या मुख्य ब्राह्मणाकडे जातो आणि निराश होऊन परततो. वादळात त्याला आसरा मिळतो तो एका पारियाच्या, म्हणजे अस्पृश्याच्या झोपडीत, आणि त्याच्या प्रश्नांची खरी उत्तरे तिथे मिळतात. युरोपीय साहित्यात अस्पृश्य ज्ञानी म्हणून उभा राहिला, ही लहान गोष्ट नाही. १८२३ साली मिखाएल बेअर या ज्यू नाटककाराने आपल्या समाजाची स्थिती मांडायला ‘पारिया’ हेच नाव घेतले. पण सँ-प्येरचा पारिया समाधानी आहे. सत्य साध्या मनाने निसर्गात शोधावे, एवढेच तो सांगतो. बास्तीय पडून दोन वर्षे झाली होती, आणि हा माणूस काहीही मागत नाही! त्याला हृदय दिले, हक्क दिला नाही.

तिसरे पुस्तक थॉमस पेनचे ‘राइट्स ऑफ मॅन’. पेन इंग्लंडमधल्या एका काचोळ्या शिवणाऱ्या कारागिराचा मुलगा. ज्या अपमानातून रोमँटिक ‘मी’ जन्मला, त्याच थरातून हे पुस्तक आले. पण पेनने आपली वेदना सजवली नाही, तिची मागणी केली. वाङ्मयाच्या इतिहासात त्याला तळटीप मिळते. पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८४७ साली वाचले ते हे पुस्तक, आणि दुसऱ्याच वर्षी मुलींची शाळा काढली.

वर्डस्वर्थ १८१३ साली सरकारी स्टँप-अधिकारी आणि १८४३ साली राजकवी झाला. हा व्यक्तीच्या चंचलपणाचा प्रश्न नाही. भावना केंद्रस्थानी आली, पण तिला हक्काची जोड राहिली नाही, की ती कोणत्याही दरबारात शोभून दिसते. आपले तरुण आज आत्मकथने आणि कविता लिहीत आहेत. त्यांच्या वेदनेच्या अस्सलपणाचे कौतुक करणारे पुष्कळ भेटतील, नांगऱ्याचेही झाले होते. म्हणून रोमँटिसिझम शिकवणाऱ्या माझ्या शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एवढेच सांगणे आहे, की वर्डस्वर्थबरोबर यर्सली आणि क्लेअर शिकवा, रूसोबरोबर मारिओनचे नाव घ्या, आणि १७९१ ची ती तीन पुस्तके विद्यार्थ्यांसमोर शेजारी शेजारी ठेवा. कोणते उचलायचे ते त्यांना चांगले कळेल.