हंगाम आणि सुटी : बुलढाणा जिल्ह्यातील जिन-कामगार

खामगाव, मलकापूर येथील जिन-प्रेस कापसाच्या हंगामापुरतेच चालत. रुई व सरकी वेगळी झाली, गाठी बांधून झाल्या, की उन्हाळ्यात यंत्रे थांबत आणि त्यांबरोबर मजुरीही थांबे. याच ऋतूत स्वीडनमधील कामगार रजेवर जाई. परंतु 1938 च्या कायद्याने त्यास दोन आठवड्यांची पगारी सुटी मिळाली होती. जिनमधील मजुराच्या रिकामपणास सुटी म्हणता येत नाही.

हिंदुस्थानातील कायद्यानेही हा मजूर वेगळा ठेवला. 1934 च्या फॅक्टरी कायद्यात बारमाही कारखान्यांस आठवड्याची मर्यादा 54 तासांची, तर हंगामी कारखान्यांस 60 तासांची होती. 1945 च्या दुरुस्तीने पगारी सुटी आली, तीतून हंगामी कारखाने वगळले गेले. 1948 च्या कायद्याने 48 तासांची मर्यादा सर्वांस लागू केली. मात्र 1954 च्या दुरुस्तीनुसार पगारी रजेसाठी वर्षात 240 दिवस काम आवश्यक ठरले. हंगामी मजुरास ही अट पुरी करणे अशक्यप्राय होते. 2020 च्या संहितेने ती 180 दिवसांवर आणली. हंगाम त्याहून आखूड असेल, तर मूळ प्रश्न कायमच राहतो.