काकांबरोबर गेलो होतो

जुलै १९८५, चेकोस्लोव्हाकिया. तू बारा वर्षांचा आहेस आणि गोट्वाल्डॉव्हहून विझोविट्सेला जाणाऱ्या गाडीत खिडकीशी बसला आहेस. पाठीवरच्या पिशवीत ब्लँकेट आहे, पोहायची चड्डी आहे, आणि आईनं आत आलुबुखाराचा मुरंबा भरून भाजलेल्या बुख्ती आहेत. निघताना तिनं तीनच गोष्टी बजावल्या. शेवटच्या स्टेशनावर उतरायचं. हिरवी टोपी घातलेल्या माणसाच्या मागून चालायचं. त्याला फादर म्हणायचं नाही, काका म्हणायचं.

तुझ्या गावाला आजी अजून झ्लिनच म्हणते. टोमास बाट्यानं भावंडांना घेऊन १८९४ साली बुटांचा कारखाना काढला तो इथे. तिकडे दूर महाराष्ट्रात शाळा सुरू होण्याआधी पोरांना बूट घ्यायला ज्या दुकानात नेतात, त्याच्या पाटीवर याच गावचं आडनाव असतं. पण कम्युनिस्टांनी सत्ता घेतली आणि १९४९ पासून गावाला आपल्या पहिल्या राष्ट्राध्यक्षाचं, गोट्वाल्डचं, नाव लावलं. कारखान्याचंही नाव बदललं.

दोन बाकं सोडून एक मुलगा बसलाय आणि त्याला पाहून तुझ्या पोटात गोळा आलाय. तो तुझ्याच शाळेतला, ‘ब’ वर्गातला. कम्युनिस्टांच्या मुलांच्या संघटनेच्या, पायोनियरच्या, संचलनात लाल रुमाल बांधून तो तुझ्या पुढच्याच रांगेत उभा असतो. त्यानं विचारलं, कुठे निघालास, तर काय सांगायचं? तू मान वळवून शेतं बघत बसतोस. तोही तुझ्याकडे बघत नाही. लिपा स्टेशन जातं तरी तो उतरत नाही. विझोविट्सेला गाडी थांबते, तू मुद्दाम मागे रेंगाळतोस आणि तो नाहीसा व्हायची वाट बघतोस. मग हिरवी टोपी दिसते, आणि तिच्या मागे पन्नास पावलांवर तोच मुलगा चाललेला दिसतो.

जंगल सुरू झाल्यावर तो थांबतो. तुम्ही एकमेकांकडे बघता. तो विचारतो, “तूपण?” एवढंच. पुढचा सगळा चढ तुम्ही दोघं बोलत, धापा टाकत चढता. चार वर्षं एकाच शाळेत काढलीत आणि दर रविवारी दोघंही मिस्सेला जात होता, तो आजीच्या गावी, तू पलीकडच्या पॅरिशमध्ये, म्हणजे शाळेतलं कोणी बघणार नाही अशा ठिकाणी.

या राजवटीनं मुलांच्या बाबतीत जे जे केलं, त्यातलं हे मला सगळ्यांत निर्दय वाटतं. चर्चची दारं उघडी होती, धर्मगुरूंना पगारही सरकारच देत होतं. पण शाळेत धर्मशिक्षण हवं तर आईबापांनी दोघांच्या सह्यांचा अर्ज द्यायचा, तोही मुख्याध्यापकांच्या हाती, आणि मग मुलाला चांगल्या माध्यमिक शाळेत प्रवेश मिळतो का याची चिंता करत बसायचं. त्यामुळे श्रद्धा असलेलं प्रत्येक मूल समजायचं की वर्गात आपण एकटेच आहोत. तुरुंगाची गरज पडत नाही अशानं.

घर लाकडी आहे, काकांच्या ओळखीच्या एका कुटुंबाचं. १९६८ साली सोव्हिएत रणगाडे आले, त्यानंतरच्या वर्षांत लोक राजकारणातून मन काढून शुक्रवारी संध्याकाळी गावाबाहेरच्या घरांकडे पळू लागले. तिथे भाजी लावायची, छप्पर दुरुस्त करायचं, कोणाच्या अध्यातमध्यात जायचं नाही. सरकारलाही ते सोयीचंच होतं. म्हणून उन्हाळ्यात डोंगरातल्या घरासमोर पंधरा-सोळा पोरं चेंडू बडवताना दिसली तरी कोणाला नवल वाटत नाही. सलेशियन लोकांनी नेमकी हीच फट हेरली. आतल्या गोटात या मुक्कामांना ‘खलोउपकी’ म्हणतात.

सलेशियन म्हणजे डॉन बॉस्कोचे लोक. मुंबईत माटुंग्याला शाळेच्या भिंतीवर हे नाव उघड्यावर लिहिलेलं आहे; इथे ते मोठ्यानं घ्यायचं नाही. मोराव्हियात त्यांचं पहिलं घर १९२७ साली फ्रिश्ताकला उघडलं, इग्नात्स स्तुख्ली या वृद्ध होत चाललेल्या धर्मगुरूच्या देखरेखीखाली. फ्रिश्ताक इथून लांब नाही. १३ एप्रिल १९५० च्या रात्री पोलिसांनी देशभरातल्या मठांना वेढे घातले, संन्याशांना ट्रकांत घालून नेलं आणि घरं जप्त केली. त्यानंतर हा संघ कायद्यानं संपला नव्हता, पण जगण्यापुरताही उरू दिला नव्हता. सरकारी परवानगीशिवाय धर्मगुरूचं काम केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. कारेल हर्ब्स्ट या सलेशियनाची परवानगी काढून घेतली, तेव्हा ते प्रागमध्ये खिडक्या धुवायला लागले. पुढे २००२ साली ते तिथलेच सहायक बिशप होणार आहेत, पण हे तुला आज कोण सांगणार?

तुझे काका एका इस्पितळाच्या बॉयलरवर कोळसा टाकतात. बोटांच्या पेरांत काळं बसलेलं आहे. वर्षाची रजा त्यांनी साठवून ठेवली ती या दिवसांसाठी.

सकाळी नदीवर तोंड धुऊन आलात की स्वयंपाकघरातलं टेबल पुसलं जातं. पडदा ओढतात. काका चौकड्यांच्या शर्टावरच मिस्सा सुरू करतात. साधा काचेचा पेला, बशीत भाकर, आणि कार्बन लावून टंकलेल्या कागदांवर शुभवर्तमान, पाचवी-सहावी प्रत असावी, अक्षरं फिकट. चर्चमध्ये तू मागच्या बाकावर म्हाताऱ्यांच्यात बसायचास. इथे आजूबाजूला सगळे तुझ्याएवढे, गुडघे खरचटलेले. ‘ब’ वर्गातला तुझ्या शेजारी आहे आणि प्रत्युत्तरं तुझ्यापेक्षा मोठ्यानं देतोय.

मग दिवसभर खेळ. चार तुकड्या, आठवडाभर चालणारी एकच गोष्ट: हरवलेल्या मोहिमेचा शोध. झाडाच्या ढोलीत सांकेतिक चिठ्ठी, ओढ्यावर दोराचा पूल, रात्री टॉर्च न लावता पार करायची टेकडी. तुमच्या तुकडीचा नकाशा ओढ्यात पडतो आणि तुम्ही भांडता, इतके की काका येऊन मध्ये बसतात. ते कोणाचीच बाजू घेत नाहीत. भिजलेला कागद दगडावर वाळत घालतात आणि तो वाळेपर्यंत सगळ्यांनी मिळून ब्लूबेरी गोळा करायच्या, असं ठरवतात. जिभा जांभळ्या होतात. कोण चुकलं होतं, ते नंतर कोणाला आठवत नाही.

हा खेळ म्हणजे धर्माच्या कडू गोळीवरची साखर, असं म्हणणारे भेटतात. मला ते मुळीच पटत नाही. डॉन बॉस्को स्वतः लहानपणी दोरीवर चालून दाखवायचा आणि जमलेल्या पोरांना सकाळी चर्चमध्ये ऐकलेला उपदेश सांगायचा. त्याच्या लेखी मैदान आणि प्रार्थना या एकाच दिवसाच्या दोन वेळा होत्या. मुलाला आपण आवडतो, हे त्याला कळलं पाहिजे, हा त्याचा आग्रह. बॉयलरवरचा माणूस आपली वर्षाची रजा तुझ्याशी चेंडू खेळण्यात घालवतो, तेव्हा तुला ते कळतंच.

तिसऱ्या दिवशी दुपारी गणवेशातला एक पोलीस येतो. कोणाची मुलं? “मित्रांची,” काका बटाटे सोलता सोलता म्हणतात, आणि ते खरंच आहे. तो पाणी पितो, गोलजवळ उभा राहून थोडा वेळ सामना बघतो आणि जातो. त्या रात्री गिटार पेटीतच राहते.

झोपण्याआधी काका दोन-तीन मिनिटं बोलतात. ही सलेशियन लोकांची जुनी रीत. पण आज बोलतो तो एक मोठा मुलगा. ७ जुलैला तो व्हेलेह्रादला होता. संत मेथोडियसच्या मृत्यूला अकराशे वर्षं झाली म्हणून भरलेल्या त्या यात्रेला लाखाहून जास्त माणसं लोटली होती. पोपना सरकारनं येऊ दिलं नाही. सांस्कृतिक मंत्री क्लुसाक शांततेच्या उत्सवाबद्दल बोलू लागले, तर गर्दीनं त्यांना ओरडून सांगितलं की ही यात्रा आहे. त्यांनी नुसतं सिरिल आणि मेथोडियस म्हटलं, तर गर्दीनं ‘संत’ जोडून दिलं. “मंत्र्यांना?” कोणीतरी अंधारात विचारतं. “मंत्र्यांना.” तुम्ही बराच वेळ झोपत नाही.

बारा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर गुपित टाकावं का, हा प्रश्न मला टाळता येत नाही. मोठी माणसं मुलांना ‘कोणाला सांगू नकोस’ म्हणतात तेव्हा आपण सावध व्हायला हवं, आणि आपण होतो. इथे एक गोष्ट वेगळी होती: आईबापांना सगळं माहीत होतं. लपवायचं होतं ते सरकारपासून, घरापासून नव्हे. तरी ते ओझंच होतं, आणि ते पेललेल्या मुलांबद्दल मला आदर वाटतो.

सोमवार, २ सप्टेंबर. बाईंनी निबंध दिलाय: सुट्टी कशी घालवली. तू ओढ्यावरचा पूल लिहितोस, ब्लूबेरी लिहितोस, हरलेला सामना लिहितोस. बाई वही तपासता तपासता मान वर करतात.

“कोणाबरोबर गेला होतास?”

“काकांबरोबर.”

त्या क्षणभर तुझ्याकडे बघतात, सगळ्यांत वरची श्रेणी देतात आणि पुढची वही ओढतात.

मधल्या सुट्टीत ‘ब’ वर्गातला तुला जिन्यात गाठतो. त्याच्या बाई वेगळ्या, पण निबंध तोच. “तू काय लिहिलंस?” “ब्लूबेरी.” “मीपण.” मग तो कामाचं बोलतो: धाकटा भाऊ पुढच्या उन्हाळ्यात दहा वर्षांचा होईल, त्याला नेता येईल का? त्याला पोहता येतं का, तू विचारतोस. नाही येत. मग हिवाळ्यात तरणतलावावर नेऊन शिकवायला हवं, तू म्हणतोस, आणि तुम्ही कुठला वार बरा याची चर्चा करत खाली मैदानावर पळता.