रोहिणीचं पाणी, चवदार तळ्याचं पाणी

बुद्धाने अडीच हजार वर्षांपूर्वीच अणू शोधला होता, अशा अर्थाचे मेसेज बुद्धपौर्णिमा आली की आमच्या भिसेगावातल्या ग्रुपवरही फिरतात. धम्म आणि विज्ञान यांचं नातं मला तिथे सापडत नाही. ते सापडतं एका साध्या प्रश्नात: सिद्धार्थाने घर का सोडलं?

लहानपणी ऐकलेलं उत्तर आपल्याला पाठ असतं. म्हातारा, आजारी माणूस आणि प्रेत दिसलं, मग संन्यासी दिसला आणि राजपुत्राला वैराग्य आलं. गोव्यात जन्मलेले पाली पंडित धर्मानंद कोसंबी स्वतः बौद्ध होते, तरी 'भगवान बुद्ध' या पुस्तकात त्यांनी ही गोष्ट तपासायला घेतली. 'अत्तदंड सुत्ता'त बुद्धाच्या तोंडी वेगळंच कारण आहे: शस्त्रं घेऊन एकमेकांवर उठलेली माणसं, आटत्या पाण्यातल्या माशांसारखी त्यांची तडफड. कोसंबींनी त्याचा संबंध शाक्य आणि कोलिय यांच्यातल्या रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्याशी लावला.

बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १९५७ साली आला. त्यातही हाच तंटा आहे. प्रस्तावनेत ते विचारतात, २९ वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारपण, आजार, मरण पाहिलंच नसेल का? प्रश्न शाळकरी पोरालाही सुचेल असा आहे. पण पवित्र मानलेल्या गोष्टीला तो विचारायला धाक सोडावा लागतो. विज्ञानाची सुरुवात तिथेच होते.

पाण्यावरून माणूस माणसाशी कसा वागतो, हे बाबासाहेबांना पोथीतून कळायची गरज नव्हती. आमचं कर्जत ज्या जिल्ह्यात येतं, त्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, महाड आहे. २० मार्च १९२७ रोजी ते हजारो लोकांसह चवदार तळ्याचं पाणी प्यायले. सत्याग्रहींना मारहाण झाली आणि पुढे तळ्याची 'शुद्धी' करण्यात आली. पाण्यात नेमकं काय बिघडलं होतं, हे तपासायची कुणाला गरज वाटली नाही. हायकोर्टाचा निकाल बाजूने लागायला १९३७ उजाडलं.

म्हणून सिद्धार्थाने घर का सोडलं, याचं उत्तर महत्त्वाचं ठरतं. दुःख म्हणजे फक्त म्हातारपण आणि मरण असेल, तर माणसाने मन शांत करावं, एवढंच उरतं. ध्यानाने मन शांत होतही असेल, पण त्याने तळं खुलं होत नाही. दुःख माणसांनी माणसांना दिलेलंही असेल, तर त्याचं कारण शोधता येतं आणि कारण दूरही करता येतं. माणसाच्या भल्याची सगळी आशा या दुसऱ्या उत्तरात आहे.

रोहिणीची ही मांडणीही सगळ्या अभ्यासकांना मान्य नाही. तीही पुराव्यावर घासून पाहायला हवी.

भिसेगावच्या पुढे, उल्हास नदीच्या खोऱ्यात राजमाचीच्या पायथ्याला कोंढाणे लेणी आहेत, दोन हजार वर्षांहून जुनी. चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर ब्राह्मी लिपीत कोरलंय की हे काम कण्हाचा शिष्य बलक याने केलं. शिष्याने गुरूचं नाव दगडात कोरलं. पण ज्या बुद्धासाठी हा डोंगर कोरला, त्याने कालाम लोकांना सांगितलं होतं की गुरू सांगतो एवढ्यावर काही मानू नका. गुरूबद्दलचा आदर आणि गुरूला विचारलेला प्रश्न, दोन्ही एकाच धम्मात मावतात.