पाण्यांतील अदृश्य रज आणि प्रकाशाची साक्ष

बंद खोलींत झरोक्यांतून कवडसा आला म्हणजे त्यांत नाचणारी धूळ आपण सर्वांनीं पाहिली आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत वजनांची गणना या धुळीच्या कणापासूनच सुरू होते. त्याला तेथें त्रसरेणु असें नांव आहे. ही धूळ खोलींत सदैव असते, पण ती दिसते मात्र कवडसा आंत आल्यावर व मागें अंधार असल्यावरच. पाण्यांतील अतिसूक्ष्म मळ प्रकाशानें हुडकण्याची जी विद्या एकोणिसाव्या शतकापासून वाढत आली, तिचें बीज या साध्या अनुभवांत आहे.

पेण तालुक्यांतील जोहे, हमरापूर या गांवीं गणपतीच्या मूर्ति घडवितात. तेथील शाडू पाण्यांत कालवून ठेविला तर जाड कण लवकर तळाशीं बसतात, वरचें पाणी मात्र बराच काळ गढूळ राहतें. याचें कारण गणितानें सांगतां येतें. एक मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, एवढ्या व्यासाचा मातीचा कण स्थिर पाण्यांत दिवसाकाठीं सात-आठ सेंटिमीटर खालीं उतरतो. त्याच्या दहाव्या हिश्शाएवढ्या कणाला तेंच अंतर काटावयास शंभरपट काळ लागतो. म्हणून आपले पूर्वज गढूळ पाण्यांत निवळीचें बीं उगाळीत किंवा तुरटी फिरवीत. तुरटीमुळें कणांचा परस्परांना दूर लोटणारा विद्युत्‌भार नाहींसा होतो, ते एकमेकांस चिकटतात आणि जड होऊन खालीं बसतात. निवळीचें नुसतें नांव घेतल्यानें पाणी निवळत नाहीं, हा मनुस्मृतींतलाच दृष्टान्त प्रसिद्ध आहे. पण त्यापुढचा प्रश्न असा कीं, निवळून कांचेसारखें दिसणारें पाणी खरोखर निर्मळ असतें काय?

साध्या सूक्ष्मदर्शकानें याचें उत्तर मिळत नाहीं. दृश्य प्रकाशाच्या लहरींची लांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर असते आणि नॅनोमीटर म्हणजे मायक्रोमीटरचा हजारावा भाग. अशा लहरींनीं सुमारें २०० नॅनोमीटरहून लहान वस्तूचा आकार रेखाटतां येत नाहीं. जाड बोरूनें मोहरीच्या दाण्यावर अक्षर काढावें, तशी ती गोष्ट आहे.

या अडचणींतून वाट काढणारा पहिला मोठा पुरुष मायकेल फॅरडे. १८५७ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें त्यानें सोनें आणि प्रकाश यांच्या संबंधावर व्याख्यान दिलें. सोन्याच्या क्षारापासून त्यानें माणकासारखा लाल द्रव तयार केला होता. पाहणाऱ्यास तो निव्वळ रंगीत पाणी वाटे. पण भिंगानें एकवटलेला प्रकाश त्यांत सोडून बाजूनें पाहिलें असतां प्रकाशाची वाट उजळून दिसे. सोनें विरघळलेलें नसून कणरूपानें तरंगत आहे, हें त्यावरून ठरलें. पुढें जॉन टिंडल यानें अशा प्रकाशपटाचा फार कुशलतेनें उपयोग केला, म्हणून या आविष्काराला त्याचें नांव मिळालें. १८७१ सालीं लॉर्ड रॅले यानें त्याचें गणित मांडलें. कणाचा व्यास निम्मा झाला कीं त्यानें विखुरलेला प्रकाश चौसष्टाव्या हिश्शावर येतो! बारीक मळ डोळ्यांना कां चुकवितो, हें या एका आंकड्यांत आलें.

१९०३ सालीं झिग्मोंडी आणि झीडेनटोफ या दोघांनीं जर्मनींत अतिसूक्ष्मदर्शक सिद्ध केला. त्यांत प्रकाश बाजूनें येतो आणि पाहणाऱ्यापुढें काळोख असतो. म्हणजे तो कवडसाच! कणाचा आकार दिसत नाहीं, पण अंधारांत दूरचा दिवा दिसावा तसा त्याचा प्रकाशबिंदु दिसतो आणि ते बिंदु मोजतां येतात. १९२५ चें रसायनाचें नोबेल पारितोषिक झिग्मोंडीला मिळालें.

आतां आपल्या किनाऱ्याकडे वळूं. पेणकडचें पाणी धरमतरच्या खाडीवाटें मुंबईच्या बंदराकडे जातें. त्याच बंदरांत २६ सप्टेंबर १९२१ रोजीं ‘नारकुंडा’ या आगबोटीवरून चंद्रशेखर व्यंकट रामन् यांनीं समुद्राच्या रंगाविषयीं एक पत्र ‘नेचर’ नियतकालिकासाठीं लिहिलें. समुद्राची निळाई म्हणजे केवळ आकाशाचें प्रतिबिंब, हें मत त्यांनीं खोडून काढलें. पाण्याचे स्वतःचे रेणूच प्रकाश विखुरतात, असें त्यांनीं दाखविलें. यानंतर मळाचा प्रश्न फारच नाजूक झाला. स्वच्छ पाणीही प्रकाश विखुरत असेल, तर मळाची साक्ष वेगळी कशी काढावी? १९२३ सालीं त्यांचे शिष्य के. आर. रामनाथन् यांना पाण्यांत एक मंद, निराळ्या रंगाचा प्रकाश आढळला. हा अशुद्धीचा परिणाम असावा असें वाटून पाणी पुनःपुन्हा शुद्ध केलें गेलें, तरी तो प्रकाश जाईना. अखेरीस २८ फेब्रुवारी १९२८ रोजीं उलगडा झाला कीं, तो मळाचा नव्हे, द्रवाच्या रेणूंचाच गुण आहे. धूळ काढण्याची एवढी चिकाटी नसती, तर रामन् परिणाम अशुद्धीच्या नांवावर खपून गेला असता.

१९६० सालीं लेसर किरण साध्य झाले आणि या विद्येला अतिशय एकवट असा कवडसा मिळाला. कण पाण्यांत किती चपळपणें थरथरतात, हें त्यांच्या प्रकाशावरून मोजून आतां त्यांचा व्यास काढतात. कण जितका लहान, तितकी थरथर अधिक. कण कशाचा आहे, हें मात्र नुसत्या चमकेवरून कळत नाहीं. माती, रंग, प्लॅस्टिक, सारेच चमकतात. तेथें रामन् वर्णपट उपयोगीं पडतो, कारण प्रत्येक पदार्थाची खूण निराळी असते.

आपल्या देशांत पिण्याच्या पाण्याच्या गढूळपणाचें माप विखुरलेल्या प्रकाशावरूनच ठरतें. २०१२ च्या भारतीय मानकाप्रमाणें तें १ एककापर्यंत असावें, दुसरा साठा नसल्यास ५ पर्यंत चालतें. पण रॅलेचें गणित आठवा: अत्यंत बारीक कण या मापांत जवळजवळ उमटतच नाहींत, आणि विरघळलेलें विष तर मुळींच उमटत नाहीं. ज्या तळ्यांत आपण भक्तिभावानें मूर्ति विसर्जन करतों, त्याचें पाणी चार दिवसांनीं निवळलें म्हणजे रंगांतील धातु गेले, असें मानण्यास आधार नाहीं. पाणी निर्मळ दिसणें हा पुरावा नव्हे; तो फक्त आपल्या डोळ्यांचा अभिप्राय आहे. शास्त्रानें आपल्याला कवडसा दिला आहे. तो कोणत्या पाण्यावर धरावयाचा, हें मात्र आपण ठरवावयाचें आहे.