कोलोन–बॉनचा मोटारमार्ग

जर्मनीचे विस्तीर्ण मोटारमार्ग ही हिटलरची निर्मिति, हा समज जगांत इतका खोल रुजला आहे कीं, त्याच्या राजवटीचे कठोर टीकाकारदेखील एवढें एक श्रेय त्याच्या पदरांत बिनतक्रार टाकतात. कोलोन आणि बॉन या शहरांना जोडणाऱ्या अवघ्या २० किलोमीटरांच्या रस्त्याचा इतिहास मात्र निराळी साक्ष देतो.

ऱ्हाईन नदीकांठच्या या दोन नगरांमधील जुना रस्ता १९२० नंतरच्या दशकांत वाहनांनीं गजबजून गेला होता. मोटारी, घोडागाड्या, सायकली व पादचारी या सर्वांची वाट एकच. केवळ मोटारींसाठीं स्वतंत्र मार्ग ही कल्पना तेव्हां अगदींच अपरिचित नव्हती. इटलींत मिलानहून सरोवरांच्या प्रदेशाकडे जाणारा तसा मार्ग १९२४ सालीं खुला झालेला होता.

१९२९ सालीं ऱ्हाईन प्रांताच्या प्रशासनानें काम हातीं घेतलें. कोलोनचे महापौर कोन्राड आडेनाउअर हे या योजनेचे खंदे पुरस्कर्ते होते. त्याच वर्षीं जागतिक मंदी कोसळली आणि रस्त्याला दुसरेंही प्रयोजन लाभलें. बेकारांच्या हातांना काम मिळावें म्हणून यंत्रें शक्य तों दूर ठेवण्यांत आलीं. पांच हजारांवर मजुरांनीं कुदळ-फावड्यांनींच माती हलविली.

६ ऑगस्ट १९३२ रोजीं आडेनाउअर यांच्या हस्तें हा मार्ग खुला झाला. जातांना दोन व येतांना दोन अशा त्याच्या चार मार्गिका होत्या. आडवे येणारे रस्ते पुलांनीं वेगळे काढल्यामुळें कोठेंही चौक लागत नसे. पादचारी, सायकली व घोडागाड्या यांना तेथें मज्जाव होता. ताशीं १२० किलोमीटरांची गति मनांत धरून वळणें आंखलेलीं होतीं. त्या काळच्या बहुतेक मोटारींना ती गति गांठणेंही शक्य नव्हतें. समोरासमोरच्या वाहनांना अलग करणारा दुभाजक मात्र त्यांत नव्हता; तो पुढें महायुद्धानंतर आला.

१९३३ च्या जानेवारींत हिटलर सत्तेवर आला. मार्चमध्यें आडेनाउअर पदच्युत झाले. त्यांचा रस्ताही सरकारी दप्तरांत साधा प्रांतिक रस्ता ठरला. कारण पहिला मोटारमार्ग बांधल्याचा मान नव्या राजवटीला हवा होता. त्याच वर्षीं २३ सप्टेंबरला फ्रँकफुर्ट येथें हिटलरनें स्वतः फावडें हातीं धरलें, आणि त्या दृश्याचीं चित्रें देशभर झळकलीं. तेथील पहिला टप्पा १९३५ सालीं पुरा झाला. बेकारीचें निर्मूलन या मार्गांनींच केलें, असाही डांगोरा पिटण्यांत आला. वास्तविक १९३२ सालीं देशांत सुमारें ६० लक्ष लोक बेकार होते, आणि ऐन भराच्या काळांतही या मार्गांवर प्रत्यक्ष राबणारे मजूर लाख-सव्वा लाखांच्या घरांतच होते.

१९४९ सालीं आडेनाउअर पश्चिम जर्मनीचे पहिले चॅन्सेलर झाले आणि बॉन ही राजधानी झाली. १९५८ मध्यें त्या रस्त्याला मोटारमार्गाचा दर्जा परत मिळाला. आज तो ए ५५५ या क्रमांकानें ओळखला जातो. दप्तरांतील ही नोंद पंचवीस वर्षांनीं सुधारली. लोकांच्या मनांतील नोंद अद्याप सुधारावयाची आहे.