शब्द आणि शुश्रूषा
बासेल मिशनचे धर्मप्रचारक १८३७ साली धारवाडास व १८३९ साली हुबळीस आले. सेवेसाठी त्यांना कन्नड शिकावी लागली. किटेल यांचा कन्नड-इंग्रजी कोश १८९४ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मिरजेस डॉ. वॉनलेस यांचे रुग्णालय सुरू झाले. शब्द आणि शुश्रूषा ही जुळी भावंडेच होत.

या जुळ्या शहरांतील परिचर्येच्या विद्यार्थिनीला नाडी पाहणे लवकर साधते. परंतु मरणोन्मुख रुग्णाशी, रडणाऱ्या आप्तांशी काय बोलावे हे न सुचल्याने मनावर ताण साचतो. संभाषणाचे शिक्षण हा भार हलका करू शकते, असे आम्हांस वाटते. प्रभूने आंधळ्या बार्तिमयाला दृष्टी देण्यापूर्वी त्याला काय हवे ते विचारले. आपणही या मुलींना प्रथम तेच विचारू या.